सतरा गाणी आणि टेपची सळसळ

‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा संकलन-अल्बम ईएमआय कंपनीने 1981च्या ऑक्टोबरअखेर ब्रिटनमध्ये बाजारात आणला. 1974 ते 1980 या काळात लोकांच्या तोंडी बसलेली 17 गाणी एका एलपी तबकडीवर आली. सगळी मिळून सुमारे 58 मिनिटे. वेष्टनावर फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन या चौघांचे लॉर्ड स्नोडन यांनी काढलेले छायाचित्र होते. आधीच खपलेली गाणी पुन्हा एकदा खपवण्याचा कंपन्यांचा हा जुना धंदा. दर नाताळाच्या तोंडावर असे डझनभर अल्बम निघत आणि विरून जात. हा मात्र विरला नाही. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हा मान त्याच्याकडे आहे, आणि 2022 साली एकट्या त्या देशात 70 लाखांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अल्बम ठरला. अटलांटिकपलीकडे असेच स्थान ईगल्स या बँडच्या 1976च्या संकलनाला आहे. म्हणजे दोन्ही देशांत घराघरांत पोहोचलेला रॉक संगीताचा अल्बम कोणता, तर तो ज्याला जाणकार रसिक ‘खरा अल्बम’ मानायला तयार नसतात तो.

त्यांच्या नाक मुरडण्याला आधार आहे. संकलन करताना गाणी नुसती उचलून ठेवली जात नाहीत, ती कापलीही जातात. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ हे गाणे 1978च्या ‘जॅझ’ अल्बममध्ये सव्वाचार मिनिटांच्या आसपास आहे. संकलनात आहे ती सिंगलसाठी छाटलेली, साडेतीन मिनिटांच्याही आतली आवृत्ती. ‘फ्लॅश’चीही सिंगलसाठी जुळवलेली, ‘फ्लॅश गॉर्डन’ चित्रपटातले संवाद पेरलेली आवृत्तीच तिथे आहे. ‘सेव्हन सीज ऑफ राय’च्या शेवटी घोळक्याने गायलेली समुद्रकिनाऱ्याच्या सहलीची एक जुनी इंग्रजी धून विरत जाते आणि पुढचा अल्बम, ‘शीअर हार्ट अटॅक’, त्याच धुनेच्या शिट्टीने उघडतो. एका वर्षाच्या दोन अल्बमांना जोडणारा हा खट्याळ धागा संकलनात सापडत नाही, कारण तिथे त्यानंतर ‘वी विल रॉक यू’ येते. अमेरिकेत निघालेली आवृत्ती तर वेगळीच होती. तिथे गाणी 14 आणि त्यांत ब्रिटिश आवृत्तीत नसलेले ‘अंडर प्रेशर’.

आज हाच अल्बम ‘लॉसलेस’ म्हणून मिळतो. मूळ डिजिटल ध्वनीतले काहीही न गाळता साठवलेला, असा त्याचा अर्थ. दावा खरा आहे आणि गणिताने सिद्ध करता येतो. पण तो दावा साखळीतल्या शेवटच्या एका कडीपुरता आहे. फाइल ज्या डिजिटल मास्टरवरून, म्हणजे नकलांसाठीच्या मूळ प्रतीवरून, तयार झाली, त्या मास्टरशी ती बिटाबिटाने जुळते, एवढेच तो सांगतो. त्या मास्टरपर्यंत ध्वनी कसा पोहोचला, वाटेत काय झिजले आणि काय मुद्दाम कापले गेले, याविषयी तो मौन बाळगतो. क्वीनच्या बाबतीत ही वाट फार लांबची आहे. त्यातली बरीचशी झीज बँडने स्वतः, जाणूनबुजून ओढवून घेतलेली आहे.

वाटेचे एक टोक महाराष्ट्रातही निघते. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात 1946 साली जन्मलेला फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच चिकटले. तिथेच 1958च्या सुमारास मित्रांबरोबर काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. 1964 साली कुटुंब इंग्लंडला गेले आणि पुढची कथा लंडनची झाली.

सत्तरच्या दशकातले ध्वनिमुद्रण म्हणजे दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत आणि तिच्यावर शेजारी-शेजारी धावणारे 24 ट्रॅक. एका ट्रॅकवर ड्रम, एकावर बास, एकावर मुख्य आवाज. 24 ही संख्या ऐकायला भरपूर वाटते. पण क्वीनला हवे होते ते साठ-सत्तर जणांच्या वृंदगानासारखे आवाज, आणि गाणारे होते तिघे: मर्क्युरी, मे आणि टेलर. उपाय एकच होता. तिघांनी एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणखी एकदा गायची. ट्रॅक भरले की ते सगळे मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचे थर चढवायचे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे ध्वनिमुद्रण 1975च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. तिच्या मधल्या ऑपेरासारख्या भागासाठी असे सुमारे 180 थर रचले गेले, असे सांगितले जाते. तीन आठवडे केवळ त्या भागावर गेले. निर्माते रॉय थॉमस बेकर यांनी नंतर सांगितले की टेप यंत्राच्या हेडवरून पुन्हा पुन्हा फिरून ती फीत इतकी झिजली होती की उजेडासमोर धरली तर पलीकडचे दिसावे.

हे कौतुकाने सांगितले जाते, पण त्यामागचे पदार्थविज्ञान निष्ठुर आहे. चुंबकीय फितीवर लोहभस्माचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांच्या विस्कळीत चुंबकत्वातून एक सततची सळसळ येते. फितीवरून फितीवर नक्कल केली की जुनी सळसळ तशीच उतरते आणि नव्या फितीची स्वतःची तिच्यात मिसळते. दर नकलेची भर सारखी धरली, तर ढोबळ हिशेबाने दुसऱ्या पिढीत ही सळसळ 3 डेसिबलने आणि आठव्या पिढीत 9 डेसिबलने वाढलेली असते. ‘ऱ्हॅप्सडी’च्या त्या भागात आठव्या पिढीपर्यंतच्या नकला वापरल्या गेल्या. शिवाय प्रत्येक फेरीत वरच्या पट्टीतले बारीक तेज थोडे थोडे घासले जाते आणि तीव्र आवाज फितीवर चढताना किंचित दबतात, गोलावतात. म्हणून त्या वृंदाच्या आवाजात जी दाट साय धरल्यासारखी घनता आहे, वेगवेगळे कंठ एकमेकांत विरघळलेले आहेत, ते केवळ गायकीचे काम नव्हे. फितीनेही त्यांना घोटले आहे. आजच्या संगणकावर 180 स्वच्छ ट्रॅक एकमेकांवर ठेवणे पोरखेळ आहे. तसे करून हा परिणाम जसाच्या तसा का मिळत नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे. झीज वजा केली की गाण्याचा एक भागच वजा होतो.

त्याच बँडने दोनच वर्षांनी उलट्या टोकाचा आवाज केला. ‘वी विल रॉक यू’मध्ये गिटार शेवटी येते, तोपर्यंत आहेत फक्त पाय आपटणे, टाळ्या आणि गाणे. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत मंडळींनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि हे आघात पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचले. मोठ्या जमावाचा भास व्हावा म्हणून मे यांनी प्रत्येक थराला थोडा विलंब दिला. विलंबांचे अंतर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे ते एकमेकांशी जुळून प्रतिध्वनीसारखे ऐकू येणार नाहीत आणि मैदानभर पसरलेली माणसे टाळ्या वाजवत आहेत असे वाटेल. बँडसाठी अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची डॉक्टरेट ज्या माणसाने 2007 साली पूर्ण केली, त्याचा हा हिशेब. ऐकणाऱ्याला त्यातले काहीच कळत नाही, आणि कळू नये हेच अपेक्षित होते. इथे महत्त्वाची आहे ती आघाताची धार: टाळी सुरू होण्याआधी पूर्ण शांतता आणि मग एका क्षणात उसळलेला ध्वनी. ही धार पुढे डिजिटल ध्वनीच्या कथेत फार त्रास देणार होती.

त्याआधी तबकडी. 58 मिनिटे एका एलपीवर बसवायची म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ 29 मिनिटे, आणि चांगल्या एलपीची बाजू 20 मिनिटांच्या आसपास थांबते. तबकडीवर आवाज म्हणजे खोबणीची डावी-उजवी आणि खाली-वर हालचाल. आवाज मोठा, विशेषतः बास भरदार, तर खोबण अधिक जागा अडवते. तेवढ्याच जागेत दीडपट मिनिटे कोंबायची असतील तर आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि बासला आवर घालावा लागतो. मग तबकडीवरची धूळ आणि चरचर संगीताच्या तुलनेत वर येतात. दुसरी अडचण भूमितीची आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खोबण सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम 20. जितकी गती कमी, तितके तेच तरंग कमी लांबीत दाटीने कोरावे लागतात आणि सुईला ते नीट वाचता येत नाहीत. वरच्या पट्टीतले स्वर फाटू लागतात. दुसरी बाजू संपते ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ यांनी. मैफलीचा शेवट म्हणून ही निवड अचूक होती, पण तबकडीच्या दृष्टीने सगळ्यात दणदणीत समूहस्वर सगळ्यात वाईट जागी गेला. 2016 साली ॲबी रोड स्टुडिओत निम्म्या गतीने कापलेली आवृत्ती निघाली तेव्हा ती दोन तबकड्यांवर पसरवली गेली, ते उगाच नव्हे.

कॅसेटमध्ये तर फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या मंद चालीने सरकते. स्टुडिओत ती 38 किंवा 76 सेंटिमीटरने धावत असते. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांतही परदेशी संगीत बहुतांशी असेच फिरले, कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्या आणि मग इतरांना उतरवू दिलेल्या कॅसेटींतून. आठवी पिढी तिथेही सहज गाठली जाई. फक्त तिला कलेचे निमित्त नव्हते.

सीडीने ही पिढ्यांची मोजणी बंद केली. ध्वनितरंगाची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणी 16 बिटांच्या पूर्णांकात लिहायची, हा तिचा नियम. 44,100 हा आकडा आला त्या काळी डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ रेकॉर्डरांच्या रचनेतून. पण तो पुरेसा आहे याला गणिताचा आधार आहे: मोजण्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे 22,050 हर्ट्झपर्यंतची प्रत्येक वारंवारता त्यांतून अचूक उभी करता येते, आणि तरुण निरोगी कानाची धाव 20,000 हर्ट्झच्या आसपास संपते. दोन मोजण्यांमधले काहीतरी निसटते आणि तरंग जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांचा होतो, हा समज चिवट आहे आणि चुकीचाही. बाहेर पडणारा तरंग पुन्हा सलगच असतो. 16 बिटांमुळे हळुवार आणि मोठ्या आवाजातला पल्ला सुमारे 96 डेसिबल मिळतो. दोन बाजूंचे मिळून सेकंदाला 14,11,200 बिट होतात, मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची 58 मिनिटे या मापाने 610 मेगाबाइटांच्या थोडी वर जातात.

नव्वदच्या दशकातल्या संगणकाला आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटला हे ओझे पेलणारे नव्हते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी-थ्रीने ते 128 किलोबिटच्या दराला अकराव्या हिश्शावर आणले. अख्खा अल्बम 56 मेगाबाइटांत. यामागची कल्पना गणिताइतकीच कानाच्या अभ्यासावर उभी आहे. मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर कानाला ऐकूच येत नाही, मोठ्या आवाजाच्या लगेच मागचा मंद आवाज झाकला जातो. मग जे ऐकू येणार नाही ते साठवायचे कशाला? एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारी प्रणाली, ध्वनीचे छोटे तुकडे पाडतो, त्यांतल्या वारंवारता वेगळ्या करतो आणि झाकल्या जाणाऱ्या भागांवर कमी बिट खर्च करतो. जे फेकले ते परत मिळत नाही. रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या, एका चकतीवर दीडशे गाणी असल्याचे मिरवणाऱ्या सीडी याच हिशेबावर चालल्या, आणि एका पिढीची कानाची सवय त्यांनी घडवली.

हिशेब कुठे चुकतो? नेमका टाळीपाशी. तुकड्याच्या शेवटी अचानक आघात आला, तर बिटांच्या कंजुषीमुळे झालेली चूक त्या संपूर्ण तुकड्यावर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीच्या शांततेतही. टाळीच्या क्षणभर आधी तिची फिकट सावली ऐकू येते आणि धार बोथट होते. एन्कोडर अशा जागी लहान तुकडे वापरून सावरून घेतात, पण कमी दराला ते पुरे पडत नाही. ‘वी विल रॉक यू’ची जुनी 128 किलोबिटची फाइल आणि सीडी पाठोपाठ ऐकली तर फरक पहिल्या काही सेकंदांतच पकडता यावा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा दाट वृंद त्या मानाने अशा फाइलमध्ये बराच निभावून जातो, कारण एवढ्या गर्दीत झाकण्याला वाव भरपूर.

लॉसलेस पद्धती कानाला विचारतच नाहीत. त्यांतली सर्वाधिक प्रचलित फ्लॅक जॉश कोलसन यांनी 2000 साली हाती घेतली. 2001 साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली आणि 2003 पासून ती झिफ संस्थेच्या छत्राखाली आहे. वापरायला मोफत आणि रचनेने खुली. ॲपलने 2004 साली स्वतःची पद्धत, अलॅक, आणली आणि 2011 साली तीही खुली केली. फ्लॅकचे काम अंदाज बांधण्याचे आहे. आधीच्या काही मोजण्यांवरून पुढची मोजणी किती येईल हे ती एका सूत्राने ठरवते, प्रत्यक्ष मोजणी त्याहून किती वेगळी आहे ते पाहते आणि तेवढाच फरक लिहून ठेवते. संगीताचे तरंग बहुधा नियमित असतात, त्यामुळे फरक छोटे येतात. छोट्या आकड्यांना कमी बिट देणारी आणि मोठ्यांना जास्त, अशी रॉबर्ट राइस यांच्या नावाची सांकेतिक लिपी त्यांच्यासाठी वापरली जाते. अवकाशयानांकडून येणारी माहिती आटोपशीर करण्याच्या कामातून ती सत्तरच्या दशकात पुढे आली होती. शिवाय डाव्या आणि उजव्या बाजूंत बरेच साम्य असेल तर दोन्हींची बेरीज-वजाबाकी साठवणे स्वस्त पडते. वाजवताना तेच सूत्र, तोच अंदाज, त्यात तोच फरक मिळवला की मूळ आकडा जशाच्या तसा हाती येतो. खात्री करण्यासाठी फाइलच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीची एक गणिती ठशासारखी खूण ठेवलेली असते. शून्य ते आठ अशा पातळ्या निवडता येतात, पण त्यांनी गुणवत्ता तसूभरही बदलत नाही. संगणकाने अंदाजासाठी किती डोके खाजवायचे एवढेच त्यातून ठरते. शेवटी आकार साधारणपणे मूळच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत येतो.

आता या यंत्राला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ द्यावी. पियानोचा एकटा स्वर ओळखणे त्याला सोपे जाते. पण फितीची सळसळ? तिला नियम नाही; मागचे पाहून पुढचे सांगता येईल असे तिच्यात काही नाही. अंदाज चुकतो, आणि सळसळीचा प्रत्येक चढउतार पुरा लिहावा लागतो. म्हणजे एमपी-थ्री ज्या गोष्टीवर सर्वात आधी पाणी सोडते, तिच्यावरच फ्लॅक जागेचा मोठा वाटा खर्च करते. फितीवरच्या संगीताचा पल्ला सळसळ दाबणाऱ्या नॉइज रिडक्शन यंत्रणेशिवाय साठ-सत्तर डेसिबलच्या घरात असतो. सीडीच्या 16 बिटांपैकी खालचे चारेक बिट बहुतेक वेळ या सळसळीचीच नोंद करत असतात. आठ पिढ्यांत साठलेली ती सळसळ लॉसलेस फाइलमध्ये कणभरही न गळता सुखरूप असते. छाटलेले ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ही तसेच, त्याच निष्ठेने छाटलेले. ही थट्टा नाही. अभिलेखागाराची वृत्ती अशीच असावी लागते, कारण काय टाकाऊ आहे हे ठरवण्याचा अधिकार नकलनविसाकडे गेला की मूळ कागदाची हमी संपते.

खरा फरक पडतो तो याच्या एक पायरी आधी, मास्टरिंगमध्ये. मिश्रण पूर्ण झालेल्या फितीवरून बाजारात जाणारा मास्टर बनवताना अभियंता पट्ट्यांचा तोल सावरतो, गाण्यागाण्यांतले अंतर ठरवतो आणि एकूण आवाज किती चढवायचा तेही. संकलनात हे काम अवघडच, कारण 1974 आणि 1980 मधली, वेगवेगळ्या स्टुडिओंत घडलेली गाणी शेजारी बसवायची असतात. ‘सेव्हन सीज’ची गजबज आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चा कोरडा, मोकळी जागा राखणारा बास एकाच बैठकीत सुखाने नांदले पाहिजेत. या अल्बमची मास्टरिंग अनेकदा झाली. बँडच्या चाळिशीनिमित्त 2011 साली बॉब लडविग यांच्या हातून निघालेली आवृत्ती आज प्रामुख्याने ऐकू येते. नव्वदच्या दशकापासून एकूण उद्योगात आवाज चढवण्याची चुरस लागली होती. डिजिटल ध्वनीला वरची मर्यादा पक्की असते, तिच्या पलीकडे जाता येत नाही. म्हणून शिखरे दाबायची आणि उरलेले सगळे वर उचलायचे. असे केले की रेडिओवर गाणे इतरांपेक्षा उठून दिसते आणि आघातांची धार मरते. फ्लॅक फाइलच्या आकारावरूनही याचा वास येतो: तेच गाणे, तेवढ्याच सेकंदांचे, जोरकस मास्टरिंग केलेले असले तर बहुधा अधिक जागा खाते, कारण दाटलेल्या ध्वनीचा अंदाज बांधणे अवघड. जुन्या सीडीवरून बनवलेली चांगली एमपी-थ्री आणि दाबून चढवलेल्या आवृत्तीची लॉसलेस फाइल यांत कोणती ऐकावी, असा प्रश्न आला तर पहिली निवडण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

24 बिट आणि 96 किंवा 192 किलोहर्ट्झची ‘हाय-रेझोल्यूशन’ आवृत्ती ही याच्या पुढची पायरी म्हणून विकली जाते. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना 24 बिट उपयोगी आहेतच, हातचे राखायला जागा मिळते. ऐकणाऱ्यासाठी चित्र धूसर आहे. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या मापातून काढलेला, यांतला फरक श्रोत्यांना नाणेफेकीपलीकडे ओळखता आला नाही. अशा अनेक चाचण्या एकत्र तपासून जोशुआ राइस यांनी 2016 साली अचूक ओळखण्याचे प्रमाण 52 टक्क्यांच्या जरा वर काढले: नाणेफेकीहून निश्चित अधिक, पण त्यावर घर गहाण ठेवावे इतके नाही. आणि क्वीनच्या सत्तरच्या दशकातल्या फितीचे 24 बिटांत रूपांतर केले तर वाढीव आठ बिटांत काय येणार, हे आतापर्यंत स्पष्ट झालेच आहे.

घरापर्यंत आलेली फाइल कानापर्यंत जाते कशी, हाही भाग राहतो. ॲपल म्युझिकने 2021 साली जादा पैसे न घेता लॉसलेस देऊ केले, टायडल आधीपासून देत होते, स्पॉटिफाय 2025 साली त्यांत सामील झाले. पण बहुतेक ऐकणे ब्लूटूथवर होते, आणि ब्लूटूथच्या एसबीसी, एएसी या नित्याच्या पद्धती पुन्हा गाळणाऱ्याच. लॉसलेस प्रवाह फोनपर्यंत येतो आणि शेवटच्या हातभर अंतरावर त्यातला मोठा हिस्सा टाकून दिला जातो. तार जोडली तर हे टळते. लोकलच्या डब्यात, खिडकीशेजारी उभे राहून ऐकणार असाल तर तारेने तरी काय साधणार, ही गोष्ट वेगळी. शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवरही 256 किंवा 320 किलोबिटची नीट बनवलेली फाइल आणि सीडी यांतला भेद कोणता आवाज कुठला हे न सांगता घेतलेल्या चाचणीत बहुतेकांना सांगता येत नाही. अशा चाचणीत दोन्ही आवाजांची पातळी काटेकोर सारखी ठेवावी लागते, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज ‘अधिक स्वच्छ’ वाटतो आणि कान मालकाला खुशाल फसवतो.

मग लॉसलेस साठवायचे कशासाठी? मुख्यतः पुढच्या नकलांसाठी. एमपी-थ्रीवरून एएसी, त्यावरून आणखी काही, असे करत गेले की फितीसारखीच पिढ्यांची झीज डिजिटल जगातही सुरू होते. फ्लॅकवरून कितीही वेळा, कोणत्याही पद्धतीत नक्कल काढा, ती दर वेळी पहिल्याच पिढीची असते. म्हणूनच बनावट फ्लॅक हा त्रास होऊन बसला आहे: कोणीतरी एमपी-थ्रीला फ्लॅकचे कपडे चढवतो आणि फाइल फुगते, ध्वनी तसाच राहतो. वारंवारतांचा आलेख काढला की लबाडी सहसा उघडी पडते. 128 किलोबिटच्या एमपी-थ्रीत बहुधा 16,000 हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखे काही नसते, आणि तो काप फ्लॅकमध्येही तसाच दिसतो. फितीची सळसळ इथे साक्षीला येते. सत्तरच्या दशकातल्या अस्सल नकलेत ती त्या रेषेच्या वरही विरळ धुक्यासारखी पसरलेली दिसते. ती नसेल तर फाइल संशयास्पद.

एक फायदा मात्र कोणालाही, कुठल्याही हेडफोनवर ऐकू येतो. 1977च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ अल्बमची सुरुवात ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ या जोडीने होते. पहिल्याची गिटार अचानक तुटते आणि दुसऱ्याचा पियानो लगेच सुरू होतो. रेडिओ केंद्रे दोन्ही एकत्रच वाजवत. संकलन करणाऱ्यांनी इतर धागे तोडले, पण ही जोडी शेवटी, त्याच क्रमाने ठेवली. एमपी-थ्रीमध्ये ध्वनी 1152 मोजण्यांच्या ठरावीक चौकटींत बसवावा लागतो आणि एन्कोडर आरंभी व शेवटी रिकाम्या मोजण्यांची भर घालतो. जुन्या प्लेअरमध्ये म्हणून दोन गाण्यांमध्ये एक छोटा खळगा पडे. लेमसारखे एन्कोडर ही भर किती आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवू लागले आणि प्लेअर ती वगळू लागले, तेव्हा अडचण बरीच मिटली. फ्लॅकमध्ये ती मुळात नव्हती. फाइलमध्ये मूळच्या मोजण्या जितक्या, तितक्याच असतात, एकही जास्त नाही. त्यामुळे प्लेअर मध्ये अडखळला नाही, तर गिटारच्या शेवटच्या मोजणीनंतरची मोजणी थेट पुढच्या गाण्याची असते.